बोटांखालची शरीररचना

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला विचारा, छातीच्या पिंजऱ्यात फासळ्या किती? उत्तर झटकन येतं: बारा जोड्या. त्यांतल्या सात खऱ्या, तीन खोट्या, दोन तरंगत्या, हेही ती न अडखळता सांगते. मग कॉटवर झोपलेल्या माणसाकडे वळून म्हणा, 'यांची पाचवी फासळी बोट ठेवून दाखव.' हात थबकतो. वहीतली फासळी आणि त्या माणसाची फासळी एकच आहे, हे तिला कुणी दाखवलेलंच नसतं. हे पुस्तक त्या थबकलेल्या हातासाठी लिहिलं आहे.

पाचवी फासळी शोधायची रीत सोपी आहे, म्हणून ती इथेच सांगून टाकते. गळ्याच्या खाली, छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक खाच लागते. तिथे बोट ठेवून हाडावरूनच खाली सरकायचं. चार-पाच सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागतो. त्या उंचवट्याला दोन्ही बाजूंनी जोडलेली फासळी दुसरी. पहिली फासळी गळपट्टीच्या हाडामागे दडलेली असते, त्यामुळे मोजणी नेहमी दुसरीपासून करायची. एकेक फासळी उतरत पाचवीच्या खालच्या फटीत या आणि गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून उभी रेघ कल्पून तिथवर बोट न्या. बहुतेक प्रौढांच्या हृदयाचं टोक डाव्या बाजूला इथेच ठोका देतं. स्तनाग्राच्या खुणेवर विसंबू नका. वयस्क बाईच्या, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या छातीवर ती खूण कुठेही असू शकते. फासळ्या मात्र जागा सोडत नाहीत.

आपल्याकडे शरीररचना हा विषय वर्गात शिकवला जातो आणि रुग्णाची तपासणी वॉर्डात. मधे बरेच महिने जातात, शिकवणारी माणसंही वेगळी असतात. परिणाम असा की परीक्षेसाठी पाठ केलेली शरीररचना परीक्षेनंतर विरून जाते आणि वॉर्डातली तपासणी नुसती कृती होऊन राहते. स्टेथोस्कोप छातीवर ठेवायचा हे माहीत असतं. त्या जागेखाली काय आहे, हे ठेवणाऱ्या हाताला माहीत नसतं. याचं एक उदाहरण मी प्रत्येक तुकडीला देते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना न्यूमोनिया झाला की तो बहुधा फुप्फुसाच्या खालच्या खंडात होतो. आजोबा उताणे झोपलेले, म्हणून सिस्टर पुढूनच ऐकते आणि 'छाती क्लिअर' लिहून मोकळी होते. पण खालचा खंड जवळजवळ सगळा पाठीकडे असतो. पुढून ऐकू येतो तो मुख्यतः वरचा खंड आणि उजवीकडे मधला. आजोबांना कुशीवर वळवून पाठीला स्टेथो लावल्याशिवाय ती तपासणी झालेलीच नाही. एवढी शरीररचना जिच्या बोटांत आहे ती आपणहून मदतनीस मामांना हाक मारते, दोघं मिळून आजोबांना वळवतात, आणि वळवताना तिला माकडहाडावरची लाली पण दिसते.

डॉक्टरांची तपासणी आणि नर्सची तपासणी यांत फरक आहे आणि तो विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवा. डॉक्टर राउंडला येतात, रोगाचं नाव शोधतात, उपचार ठरवतात. त्यानंतरचे सगळे तास रुग्ण नर्सच्या नजरेखाली असतो. सकाळी पाहिलेलं पोट दुपारी पुन्हा तिच्याच हाताखाली येतं. म्हणून तिचा खरा विषय आहे बदल: दुपारी मऊ असलेलं पोट संध्याकाळी ताठ झालं का, हाक मारल्यावर डोळे उघडणारा माणूस आता चिमटा काढल्यावरच उघडतोय का. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 मध्ये शुद्धी मोजायची जी पट्टी दिली, ती याच कामाची आहे. डोळ्यांना 4, बोलण्याला 5, हालचालीला 6. एकूण 15, आणि कमीत कमी 3. एकट्या आकड्यापेक्षा तासाभरापूर्वीच्या आकड्याशी त्याची तुलना जास्त बोलते.

इथे आपल्या वॉर्डांपुरती एक गोष्ट नोंदवते. शुद्धी तपासताना महिना, वार, ठिकाण विचारतात. नव्वदीच्या आजींना 'ऑगस्ट' सांगता येणार नाही, पण 'श्रावण लागलाय, आज सोमवार' असं त्या सांगतील. त्या पूर्ण भानावर आहेत, गुण पूर्ण द्या. नंदुरबारला पावरी बोलणारा, मेळघाटात कोरकू बोलणारा, भामरागडला माडिया बोलणारा माणूस तुमच्या मराठी प्रश्नाला गोंधळून उत्तर देतो, तेव्हा 'भ्रमिष्ट' असं लिहिण्याआधी त्याच्या भाषेचं माणूस शोधा.

आता श्वासाविषयी, आणि याविषयी मी जरा लांबण लावणार आहे.

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट उघडा. ताप बदलतो, नाडी बदलते. श्वासाचा आकडा मात्र ओळीने 20, 20, 20. हा आकडा मोजलेला नसतो, लिहिलेला असतो. ताप थर्मामीटर दाखवतो, नाडी आता ऑक्सिमीटर दाखवतो, बीपी मशीन दाखवतं. श्वास मोजायला माणसाने एक मिनिट नुसतं पाहत उभं राहावं लागतं, आणि गर्दीच्या पाळीत तेच मिनिट कापलं जातं. पण माणसाची प्रकृती ढासळू लागली की सगळ्यांत आधी सरकणाऱ्या आकड्यांत हा एक आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला, आम्ल वाढलं किंवा प्राणवायू घटला की मेंदूच्या तळाशी, मेड्युलामध्ये असलेलं केंद्र सावध होतं आणि श्वास वाढवतं. फुप्फुसाचा संसर्ग असो, रक्तात पसरलेला जंतुदोष असो, मधुमेहात साचलेली किटोन आम्लं असोत, आत कुठे होणारा रक्तस्राव असो, निकामी होत चाललेलं हृदय किंवा मूत्रपिंड असो, वाटा वेगवेगळ्या असल्या तरी त्या सगळ्या या केंद्राशी येऊन मिळतात. प्रौढ माणसाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला 12 ते 20. रात्री दोनला तो 28 झाला असेल आणि बीपी, ऑक्सिजन दोन्ही अजून ठीक असतील, तर हीच वेळ आहे डॉक्टरांना उठवायची. दोन तासांनी बीपीही पडेल, आणि तेव्हा हाताशी फार थोडं उरलेलं असेल.

मोजायचं कसं? रुग्णाला कळू न देता. 'श्वास मोजते' म्हटलं की श्वास बदलतो, कारण आपल्या मर्जीनेही चालणारी ही क्रिया आहे. नाडीसाठी धरलेलं मनगट तसंच धरून ठेवावं, नजर छातीवर न्यावी आणि पूर्ण मिनिट मोजावं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं की एका श्वासाची चूक चौपट होते. मोजता मोजता इतरही पाहून घ्यावं: नाकपुड्या फुलतात का, गळ्याच्या दोन्ही बाजूंचे दोरखंड ताठ होतात का, फासळ्यांच्या मधली जागा आत खेचली जाते का, माणूस एका दमात वाक्य पुरं करतो की दोन शब्दांनी थांबतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर या एका मिनिटावर जीव वाचलेले आहेत, आणि ते आपल्याच राज्यात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या माणसांना, सुईणींनाही, बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं आणि औषध द्यायची जबाबदारी दिली. बालमृत्यू घटले. त्याचा अहवाल 1990 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेलं साधं उपकरण तिथे तयार झालं. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही, स्टेथोस्कोपही नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त: एवढे तीन आकडे पाठ हवेत. बाळ आईच्या मांडीवर शांत असताना, अंगडं वर करून मोजायचं. रडत असेल तर थांबायचं. जे काम लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणीने निष्ठेने केलं, ते तीन-चार वर्षं शिकलेल्या सिस्टरने आणि ब्रदरने टाळावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दुसरी जागा, जिथे शरीरक्रिया समजली नाही तर आकडे फसवतात, ती म्हणजे रक्तस्राव. बाळंतिणीला जास्त जात आहे, बीपी 110/70 आहे, म्हणून सगळे निर्धास्त. तरुण, धडधाकट शरीर रक्त गेल्याबरोबर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, हृदयाचे ठोके वाढवतं, आणि अंगातलं 30 टक्क्यांच्या आसपास रक्त जाईपर्यंत वरचं बीपी धरून ठेवू शकतं. पाच लिटरपैकी हे दीड लिटर झालं. गरोदरपणात रक्त आधीच वाढलेलं असल्यामुळे ही झाकपाक आणखी लांबते. त्यामुळे बीपी पडायची वाट पाहणं म्हणजे फार उशीर. आधी वाढते नाडी. आधी गार पडतात तळवे आणि बोटं. नखावर दाब देऊन सोडलं की रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. बाई अस्वस्थ होते, पाणी मागते, 'कसंतरी होतंय' म्हणते. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याला गाठू लागला की मदतीला हाक मारा, कारण नंतर शोधता येईल.

आणि हात पोटावर ठेवा. बाळंतपणानंतर गर्भाशयाचा माथा बेंबीच्या पातळीला किंवा किंचित खाली, मध्यावर, क्रिकेटच्या चेंडूसारखा टणक लागायला हवा. मऊ लागला तर त्याचे स्नायू आवळलेले नाहीत. त्या स्नायूंच्या जाळ्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या स्नायू आवळल्यावरच बंद होतात, म्हणून रक्त थांबत नाही. माथा वर चढलेला आणि उजवीकडे सरकलेला असेल तर मूत्राशय भरलेलं असण्याची शक्यता मोठी. लघवी करवा, मग पुन्हा हात ठेवा. हे बाळंतपणाच्या खोलीत प्रत्येक एएनएम करते. ते का करते हे तिला सांगितलेलं असलं की रात्री एकटी असताना तिचा हात चुकत नाही.

तपासणीचा क्रम सगळी पुस्तकं देतात: पाहणं, हात लावणं, बोटांनी ठोकून पाहणं, ऐकणं. ठोकून पाहण्याची रीत ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगरने 1761 मध्ये मांडली, स्टेथोस्कोप फ्रान्सच्या लाएनेकने 1816 मध्ये आणला, बीपी ऐकून मोजायची पद्धत रशियाच्या कोरोत्कोवने 1905 मध्ये. इतिहासात मी फार थांबत नाही. सुश्रुतांनी वाहत्या पाण्यात ठेवलेलं प्रेत थराथराने सोलून पाहायला सांगितलं आणि व्हेसालियसने 1543 मध्ये स्वतः शवविच्छेदन करून ग्रंथ लिहिला, यातलं एवढंच घ्या की नुसतं वाचून भागत नाही, हे जुनंच शहाणपण आहे. पोट तपासताना मात्र क्रम बदलतो: आधी पाहायचं, मग ऐकायचं, हात सगळ्यांत शेवटी. दाबल्याने आतड्यांची हालचाल बदलते आणि मग ऐकलेलं खरं राहत नाही. हात घालताना रुग्णाने जिथे दुखतं म्हणून दाखवलं ती जागा शेवटी ठेवायची आणि डोळे पोटावर न ठेवता त्याच्या चेहऱ्यावर ठेवायचे.

प्लीहेचं उदाहरण विदर्भातल्या आणि खानदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी खास घातलं आहे, कारण गडचिरोली-नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी भेटतो. प्लीहा डाव्या फासळ्यांच्या आत असते आणि दुप्पट-तिप्पट मोठी झाल्याशिवाय सहसा हाताला लागत नाही. ती वाढते तेव्हा तिरकी, बेंबीच्या दिशेने आणि पुढे उजव्या जांघेकडे वाढते. म्हणून हात उजव्या खालच्या कोपऱ्यातून निघून डाव्या फासळ्यांकडे न्यायचा. थेट फासळ्यांखाली हात घालणाऱ्याच्या बोटांना फार मोठ्या प्लीहेची कड लागतच नाही, कारण ती कड केव्हाच खाली गेलेली असते. सिकलसेलच्या लहान मुलाची प्लीहा काही तासांत रक्त साठवून फुगू शकते आणि मूल पांढरंफटक पडतं. त्याच्या आईला घरी पोटावर हात ठेवून पाहायला शिकवणं हेही नर्सचंच काम आहे.

बहुतेक इंग्रजी पुस्तकांतली छायाचित्रं गोऱ्या कातडीची असतात. 'निळसर ओठ', 'गुलाबी लाली' ही वर्णनं वाचून आपल्या वॉर्डात आलेल्या मुलीला सावळ्या, काळ्या त्वचेवर काहीच दिसत नाही आणि ती 'काही विशेष नाही' लिहिते. या पुस्तकात मी प्रत्येक खूण आपल्या त्वचेवर कुठे पाहायची ते लिहिलं आहे. निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, दिवसाच्या उजेडात. पंडुरोग खालची पापणी ओढून, जिभेवर आणि तळहाताच्या रेषांत. पण लग्नघरातून आलेल्या बाईचे तळहात मेंदीने रंगलेले असतात, मिश्री लावणाऱ्या बाईच्या हिरड्या काळवंडलेल्या असतात. अशा वेळी पापणीच खरं सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षय असलेल्या आढळल्या. म्हणजे ती पापणी ओढून पाहणं दर दुसऱ्या बाईत काही ना काही दाखवणार आहे. दाबाने होणाऱ्या जखमेचंही तसंच. सुरुवातीची लाली काळ्या कातडीवर उमटत नाही. बोटांच्या मागच्या बाजूने तिथली ऊब आणि कडकपणा तपासा, शेजारच्या त्वचेशी ताडून पाहा. ऑक्सिमीटरसुद्धा गडद त्वचेवर कधी खऱ्याहून जास्त आकडा दाखवतो, हे 2020 नंतर झालेल्या चर्चेमुळे आता सगळ्यांना माहीत झालं आहे. त्यामुळे यंत्रावर 94 दिसत असेल आणि समोरचा माणूस धापा टाकत असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

शरीररचना न कळल्याने होणारी इजा सुईच्या टोकाला सर्वांत स्पष्ट दिसते. कमरेच्या इंजेक्शनाने मुलाचा पाय लुळा पडल्याची गोष्ट खेड्यापाड्यांत अजून ऐकायला मिळते. अंगठ्याएवढ्या जाडीची सायटिक नस नितंबाच्या खालच्या, आतल्या भागातून उतरते. लहान मुलाचा नितंब इतका छोटा असतो की तिथे 'वरचा बाहेरचा चतकोर' ठरवणंच कठीण. त्यामुळे तान्ह्या बाळाला लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, मधल्या तिसऱ्या भागात देतात. तिथे मोठी नस नाही, मोठी रक्तवाहिनी नाही, स्नायू भरपूर. मोठ्या माणसासाठी नितंबाच्या बाजूची जागा शोधायची रीतही हाडांवरच चालते: मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर तळहात, तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर, मधलं बोट मागे पसरलेलं, आणि दोन बोटांच्या मधल्या त्रिकोणात सुई. रुग्णाच्या डाव्या बाजूसाठी आपला उजवा हात. वाचून हे किचकट वाटतं. मैत्रिणीच्या कमरेवर एकदा हात ठेवून पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही.

नाकातून नळी घालताना नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घेतात. हे अन्ननलिकेच्या वाटेचंच माप आहे. उजवी श्वासनळी डावीपेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभी असते. शेंगदाणा गिळताना ठसका लागलेल्या पोराच्या उजव्या बाजूचा आवाज कमी असेल तर ते या उभ्या वाटेमुळे. बाईची मूत्रनलिका सुमारे चार सेंटिमीटरची, पुरुषाची वीसच्या आसपास. बायकांना मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार का होतो याचं निम्मं उत्तर इथेच आहे, आणि कॅथेटर घालताना किती आत न्यायचा याचंही.

रुग्णाचं बोलणं हाही तपासणीचाच भाग आहे. केस पेपरवर सगळ्यांच्या पुढे 'पोटात दुखते' लिहिलेलं असतं. बोलणारा मात्र नेमकं बोलत असतो. कळ येते आणि जाते म्हणणाऱ्याच्या पोकळ नळीत, आतड्यात किंवा मूत्रवाहिनीत, अडथळा असू शकतो, कारण त्या नळ्या लाटेसारख्या आवळतात. ठणका लागलाय म्हणणाऱ्याच्या आत बहुधा पू साचतोय. अपेंडिक्स सुजलं की आधी दुखतं बेंबीभोवती, कारण आतड्याच्या त्या भागाच्या नसा मणक्यात बेंबीच्या पातळीवरच शिरतात. सूज पोटाच्या आतल्या पडद्याला टेकली की दुखणं खाली उजवीकडे येऊन एका बोटाच्या जागेवर थांबतं. म्हणून 'आधी कुठे दुखत होतं?' हा प्रश्न विचारायलाच हवा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 च्या आपल्या पुस्तकात निरीक्षणावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं. 'रात्र चांगली गेली का?' अशा प्रश्नांनी काही कळत नाही, किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, हे विचारावं, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या हँडओव्हरमध्ये आजही 'पेशंट ठीक आहे' हे वाक्य सर्रास ऐकू येतं.

महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून केलेलं काम मी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला सांगते. कोकणातल्या लाल विंचवाने माणसं मरत होती आणि नेमकं कशाने, ते ठाऊक नव्हतं. बावस्करांनी घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, नाडी, बीपी यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या आणि धोक्याची आधीची लक्षणं ओळखली. 1982 मध्ये ती 'द लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन हे औषध वापरून त्यांनी मृत्यू खूप कमी केले. त्या शोधाचा पाया प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या नोंदी हाच होता. मण्यार चावल्यावरही असंच निरीक्षण कामी येतं. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश कळत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात. पापणी खाली येतेय हे दर पंधरा मिनिटांनी पाहणारी सिस्टर तिथे असली तर श्वासाचे स्नायू थांबायच्या आत रुग्ण व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचतो.

हात लावण्याआधी विचारायचं, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. 'ताई, पोट बघते हं, हात जरा गार लागेल.' पडदा ओढा, हात चोळून गरम करा, जेवढं तपासायचं तेवढंच उघडा. स्टेथोस्कोप साडीवरून, ब्लाउजवरून लावू नका. कापडाची खसखस फुप्फुसाच्या आवाजासारखीच ऐकू येते. पदर बाजूला घ्यायला सांगा, मंगळसूत्र तिलाच सरकवू द्या. ब्रदर तपासत असतील तर सोबत सिस्टर किंवा घरचं बाईमाणूस असू द्या. लाजेपोटी अर्धवट राहिलेल्या तपासणीची किंमत पुढे त्या बाईलाच मोजावी लागते.

आज बी.एस्सी. नर्सिंग करून समुदाय आरोग्य अधिकारी झालेली अनेक मुलं-मुली उपकेंद्रावर एकटी बसतात. जवळ डॉक्टर नसतो, फोनवर असतो. फोनवर 'पेशंट सिरियस वाटतोय' असं म्हटलं की पलीकडच्याला काही कळत नाही. 'श्वास 32, नाडी 124, बीपी 100/60, हात गार, दोन तासांपूर्वी नाडी 96 होती' असं सांगितलं की तो लगेच रुग्णवाहिका पाठवतो. हे वाक्य बोलता यावं, यासाठी पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण त्या भागाच्या रचनेने सुरू होतं, मग तो भाग काम कसा करतो, मग हाताने-कानाने कसा तपासायचा, आणि शेवटी फोनवर काय सांगायचं, असं लिहिलं आहे. एएनएमच्या विद्यार्थिनींनी मेंदूच्या नसांचं प्रकरण पहिल्या वाचनात सोडलं तरी चालेल. गरोदर आणि बाळंत स्त्री, नवजात बाळ आणि श्वास ही तीन मात्र आधी वाचावीत. चित्रं मुद्दाम कमी ठेवली आहेत. चित्राच्या जागी बऱ्याच ठिकाणी रिकामी चौकट आहे: ती खूण आधी स्वतःच्या अंगावर, मग वर्गमैत्रिणीच्या अंगावर, मग वॉर्डातल्या एखाद्या आजींच्या अंगावर, त्यांच्या परवानगीने, शोधायची आणि काय लागलं ते तिथे पेनाने लिहायचं. आजींची त्वचा सैल असते, हाडं वर आलेली असतात, त्यामुळे पुस्तकातल्यापेक्षा तिथे शिकायला सोपं जातं, आणि बहुतेक आजींना कुणी इतका वेळ जवळ बसलेलं आवडतं.